धर्मराजाचे श्वान

मोरोपंतांच्या 'आर्याभारता'चे गुण सांगताना टीकाकार बहुधा यमक, अनुप्रास व संस्कृतप्रचुर शब्दकळा यांपाशीच थांबतात. बारामतीच्या या कवीने (१७२९–१७९४) समग्र भारत मराठीत आणिले. त्यातील महाप्रस्थानिक पर्व चिमुकले, म्हणून दुर्लक्षिले जाते. आम्हीही वर्गात ते एका तासात उरकीत आलो. परंतु इंदापूरच्या आमच्या घरी वृद्ध मोत्याच्या जबड्याखाली गाठी आल्या, त्या कर्करोगाच्या ठरल्या, आणि गोळ्यांनी सूज काही आठवडे उतरेल, रोग हटणार नाही, असे पशुवैद्यांनी सांगितले, तेव्हा ही कथा, मूळ व्यासभारतासह, आम्ही प्रथमच नीट वाचली.

कथा सर्वश्रुत आहे. द्रौपदी व चौघे बंधू वाटेत पडतात. धर्मराज मागे वळून पाहत नाही. पुढे इंद्र रथ घेऊन येतो व कुत्र्यास सोडावयास सांगतो, तेव्हा मात्र तो अडून बसतो. भावांस सोडलेस, मग कुत्र्याचाच मोह का? हा प्रश्न बिनतोड वाटतो. धर्माचे उत्तर असे: ते मेल्यावर मागे राहिले; जिवंतपणी मी त्यांस टाकले नाही.

आमच्या मते कथेचे मर्म या उत्तरात आहे. असाध्य रोगाचे नाव कानी पडताच घरची माणसे जिवंत प्राण्याचेच सुतक धरू लागतात. आम्हीही धरले होते. मोत्या मात्र ताटली वाजताच शेपूट हालवीत उठत होता.

तथापि या कथेत एक उणीव आहे. शेवटी तो कुत्रा साक्षात् यमधर्म निघतो. त्याच्या तहानेचा, थकव्याचा उच्चार नाही. १८०८ साली पिसाळून मेलेल्या आपल्या कुत्र्यासाठी बायरनने रचलेल्या स्मृतिलेखातही श्वानाचे गुण व मनुष्याची निंदा आहे, दुखणे नाही. उभय ठिकाणी कुत्रा हे माणसास मोजण्याचे माप होय.

म्हणून यातना अनावर झाल्यावर सुई देऊन प्राण्यास कायमचे निजविणे म्हणजे त्यास टाकणे काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. धर्माच्याच वचनावरून आम्ही ठरविले की, वेदनेत एकटे सोडणे म्हणजे टाकणे. अखेरच्या दिवशी मोत्याचे डोके आमच्या मांडीवर होते. तो यमधर्म झाला नाही, कुत्राच राहिला.

असो. वाचकांनी हे पर्व पुन्हा एकवार अवश्य वाचावे.