डाव्या कानाचं उजव्या कानाला

मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली, १९३०च्या दशकाच्या आरंभी तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात पुष्कळ जण पहिलं पान याच गाण्याला देतात. आम्हा बुलढाणेकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण जोशींच्या दुसऱ्या एका कामाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. पुढे ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळू लागले आणि १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांनी घडवली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्याला माणिकराव पोपटकर. खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहिर भैरवापासून सुरू होतो आणि नट भैरव, पिलू, भूप, देस असा उतरत पहाडीपाशी येऊन थांबतो.

‘शीळ’ हेडफोनवर ऐकताना काही अडत नाही. ती एकाच वाहिनीची, दोन्ही कानांत तेच. आवाज डोक्याच्या मधोमध बसतो आणि आपण तो तसाच स्वीकारतो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ मात्र स्टीरिओ आहे, आणि त्या काळी स्टीरिओ म्हणजे वाद्यं दोन्हीकडे चांगली मोकळी वाटून ठेवण्याची रीत. ती खोलीत समोर ठेवलेल्या दोन स्पीकरांसाठी होती. हेडफोन लावला की एखादं वाद्य एकाच कानाला चिकटतं. दुसऱ्या कानाला त्याची वार्ताही नसते. खोरं मोठं आहे हे सांगणारं संगीत कवटीएवढं होऊन बसतं, आणि तासाभरात कपाळ जड होतं.

असं का होतं, हे लोणारला विवराच्या काठावर उभं राहिलं की समजतं. खालच्या झाडीत उजवीकडे मोर ओरडला तर त्याची केका डाव्या कानालाही पोचते. थोडी उशिरा, थोडी बोथट होऊन. समोरून तीस अंश बाजूला असलेल्या आवाजासाठी हा उशीर सेकंदाच्या चार हजाराव्या भागाएवढा. बोथटपणा येतो तो मधल्या डोक्यामुळे: खर्जाच्या लांब लाटा डोक्याला वळसा घालून पलीकडे जातात, तार स्वरांच्या आखूड लाटा अलीकडेच अडतात. निसर्गात एकाच कानाला ऐकू येणारा आवाज जवळजवळ नसतोच, फक्त कानाशी येऊन कुजबुजणाऱ्याचा असतो. म्हणून हेडफोनमधलं एका बाजूचं वाद्य इतकं अंगावर येतं.

क्रॉसफीड ही युक्ती हेडफोनमध्ये तुटलेला दोन कानांमधला रस्ता पुन्हा जोडते. बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये त्यासाठीचं सर्किट मांडलं; दहा वर्षांनी सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी आपलं सर्किट छापलं. तत्त्व साधं आहे. डाव्या वाहिनीतला थोडा आवाज उजवीकडे सोडायचा, उजवीकडचा डावीकडे, पण फक्त सुमारे ७०० हर्ट्झच्या खालचा, आणि मूळ आवाजापेक्षा काही डेसिबल हळू. यातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग असा: एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांची जी जोडी तार स्वर गाळते, तीच खर्जाला उशीरही लावते. ७०० हर्ट्झची मर्यादा धरली तर त्याच्या बऱ्याच खालच्या स्वरांना हा उशीर साधारण ०.२३ मिलिसेकंद भरतो, म्हणजे डोक्याला वळसा घालायला लागणाऱ्या वेळेच्या अगदी जवळ. उशीर आणि बोथटपणा, दोन्ही एकाच जोडीतून. इतकी काटकसर कलेतही क्वचित दिसते.

आता अहिर भैरव पुन्हा लावावा. संतूरच्या तारेवर कलम पडते तो टोकदार ठिणगीसारखा आघात वरच्या पट्टीतला; सर्किट त्याला हात लावत नाही, तो आपल्या बाजूलाच राहतो. मात्र आघातामागून लाकडी पेटीतून उठणारी गुंज पलीकडच्या कानापर्यंत जाते. त्यामुळे वाद्याची जागा हलत नाही, तरी त्याच्याभोवती हवा येते. तबल्यात हे आणखी स्पष्ट होतं. दायाँच्या चाटीवरचं बोट एका बाजूला नेमकं ऐकू येतं आणि बायाँची घुमारी दोन्हीकडे पसरते. बैठकीत पहिल्या रांगेत बसलेल्याला तबला असाच ऐकू येतो. काबरांची गिटार स्वरावरून स्वरावर मींड ओढत नेते, तेव्हा ती एका कानात ताणल्यासारखी न वाटता खोलीतून सरकत जाते.

काही रसिकांचा आक्षेप असतो की ही मूळ ध्वनिमुद्रणात केलेली ढवळाढवळ आहे. मला तो पटत नाही. ज्यांनी हा तोल बसवला त्यांच्यासमोर स्पीकर होते आणि त्यांचे दोन्ही कान दोन्ही स्पीकर ऐकत होते. ढवळाढवळ हेडफोन करतो, क्रॉसफीड ती बरीचशी मागे घेतं. हां, मात्रा महत्त्वाची. बाउअर यांचं नाव लावलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ४.५ डेसिबलचीही मात्रा मिळते. ती या तबकडीला जड होते, वाद्यं मध्ये दाटतात, खर्ज फुगतो. त्यातच यान मायर यांच्या नावाची मात्रा आहे ती ६५० हर्ट्झ आणि ९.५ डेसिबलची, त्यात पलीकडे जाणारा आवाज फार हळू असतो. मी तीच ठेवतो. पहिल्या मिनिटात काहीच बदललं नाही असं वाटतं. फरक कळतो तो सर्किट बंद केल्यावर, वाद्यं पुन्हा कानांना येऊन चिकटतात तेव्हा.

क्रॉसफीड वाद्यं समोर आणून बसवत नाही, हेही सांगायला हवं. समोर आणि मागे हा भेद कानाच्या पाळीचे कंगोरे करतात, मान किंचित वळते त्यातून तो पक्का होतो, आणि हेडफोन मानेबरोबर फिरतो. कृत्रिम डोक्याच्या दोन कानांत माइक ठेवून केलेल्या ध्वनिमुद्रणात दोन कानांमधला हा रस्ता आधीच असतो. तिथे क्रॉसफीड बंदच ठेवावं. पण १९६७च्या या पहाडीसाठी ते चालू राहू द्यावं, आणि आवाज नेहमीपेक्षा जरा कमी ठेवावा. कानांना तेवढा पुरतो.