हलतं ते चित्र की डोळा?

ब्रिजेट रायली यांचं ‘फॉल’ (१९६३) हे चित्र लंडनच्या टेट संग्रहाचा भाग आहे. बाजू साधारण १४० सेंटीमीटर. रंग दोनच, काळा आणि पांढरा. एकच वक्ररेषा शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा काढलेली. तरी थोडा वेळ पाहिलं की चित्र थरथरायला लागतं.

‘दृष्टिभ्रम आहे’ एवढं म्हणून बरेच जण इथेच थांबतात. विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आपण एक पायरी पुढे जातो. नजर एका बिंदूवर रोखली तरी डोळा पूर्ण स्थिर नसतो; तो बारीक झटके घेत असतो. त्यांना मायक्रोसॅकेड म्हणतात. रेषा दाट असतील तर एवढ्याशा झटक्यानेही दृष्टिपटलावर काळ्याच्या जागी पांढरं येतं. सुसाना मार्टिनेझ-कोंडे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की इझिया लेव्हिअंट यांच्या ‘एनिग्मा’ या आकृतीत भासणारी गती वाढण्याच्या जरा आधी हे झटके वाढतात. अर्थात, हा निष्कर्ष ‘एनिग्मा’चा आहे, तो ‘फॉल’ला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. योहानेस झांकर यांनी रायली यांच्या चित्रांबाबत नेत्रहालचालींचा वेगळा अभ्यास केला आहे.

पण समजा, यंत्रणा पूर्ण कळली. मग चित्र कळलं का? १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ प्रदर्शनाच्या सुमारास रायली यांच्या चित्रावरून कापड छापलं गेलं, त्याचे ड्रेस शिवले गेले. रायली यांना ते मुळीच आवडलं नाही. मायक्रोसॅकेडचं स्पष्टीकरण ड्रेसलाही लागू पडतं आणि चित्रालाही! म्हणजे दोघांतला फरक त्यातून सांगता येत नाही.

तो फरक मांडणीत आहे. ‘फॉल’मध्ये वरच्या भागात वळणं ऐसपैस आहेत, तिथे नजर टेकते. खाली येताना ती आखूड आणि दाट होतात, आणि नजरेला बसायला जागाच उरत नाही. विसावा कुठे द्यायचा आणि कुठे काढून घ्यायचा, हे चित्रकर्तीने ठरवलंय. शीर्षकातलं कोसळणं आपण ‘वाचत’ नाही, डोळ्यांनी अनुभवतो. माझ्या मते चित्राचं यश या चढत्या अस्वस्थतेत आहे, नुसत्या थरथरीत नाही.

संशोधनाचा विषय निवडताना हा प्रश्न जवळ ठेवा: माझं स्पष्टीकरण याच गोष्टीबद्दल काही सांगतं, की तिच्यासारख्या सगळ्यांना सारखंच लागू पडतं? दुसरं उत्तर आलं तर काम वाया गेलं असं नाही. पण ते अजून अर्धंच झालंय.