तेरची लज्जागौरी व रोमन सांचा

भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस ह्या ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील पैठण व धाराशिव जिल्ह्यांतील तेर तीं हींच. (तेर वस्तुतः आग्नेयेस आहे, पण परदेशी व्यापाऱ्याची एवढी चूक क्षम्य होय.) ह्या व्यापारानें सातवाहनकालीन मृण्मूर्तींवर रोमन छाप पाडली, हें मत आतां रूढ झालें आहे. तें कोठवर ग्राह्य मानावें, एवढाच येथें प्रश्न आहे.

तेरच्या पुष्कळ मूर्ती पांढऱ्या केओलिन मातीच्या असून दुहेरी सांच्यांतल्या आहेत. पुढचें व मागचें अंग निरनिराळ्या सांच्यांत दाबावयाचें आणि दोन्ही पातळ चिखलानें सांधावयाचीं. आंत पोकळी राहते. एकेरी सांचा शुंगकाळींच कौशांबीस प्रचारांत होता. दुहेरीची कृति मात्र रोमन संबंधांतून आली, हें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

परंतु १९६० सालीं डॉ. ह. धी. सांकलिया यांनीं लज्जागौरीच्या रूपाचा संबंधही पाश्चात्य बौबोशीं जोडला. येथें आमचा मतभेद आहे. सांचा घेतात तो मूळ नमुन्यावरून. नमुना घडविणारा कोण, हें सांच्याच्या कृतीवरून ठरत नाहीं. शिवाय प्रीएनेच्या बौबोचें तोंड पोटावर आहे, तर लज्जागौरीस बहुधा डोकेंच नसतें, किंवा त्या जागीं कमळ असतें. हें कमळ रोमनांनीं दिलें, असें कोण म्हणेल? नागार्जुनकोंड्याच्या अशाच पाषाणमूर्तीवर इक्ष्वाकु राणी खंडुवुला स्वतःस अविधवा व जीवपुत्रा म्हणविते. सौभाग्य व संतति यांसाठीं पुजली जाणारी ही देवी आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं ‘लज्जागौरी’ (१९७८) ग्रंथांत तिचें नातें येथल्याच मातृदेवतांशीं जोडलें, तें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

देवघेव एकतर्फीही नव्हती. इ. स. ७९ मध्यें गाडल्या गेलेल्या पाँपेईंत १९३८ सालीं हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याच घडणीच्या मूर्ती तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत.

एक कसोटी मात्र लावण्याजोगी आहे. माती वाळतांना व भाजतांना आटते. म्हणून तयार मूर्तीवरून घेतलेल्या सांच्यांतली पुढची मूर्ती लहान निघते. तेरच्या लामतुरे संग्रहालयांतील मूर्तींचीं मापें ह्या दृष्टीनें घेऊन एका सांच्याच्या पिढ्या लावाव्यात, आणि आद्य नमुन्यांत डोकें आहे कीं कमळ, तें पाहावें.