सहा इंच मोकळी जागा

बर्कलीला भाच्याकडे गेलो होतो. विद्यापीठाच्या स्प्राऊल प्लाझात तो म्हणाला, "मामा, तुम्ही स्मारकावर उभे आहात." मी दचकून बाजूला झालो. आपल्याकडे स्मारक म्हणजे मान वर करायची. चौथरा, घोडा, तलवार, निदान चष्मा तरी! इथे खाली बघायचं. फरशीत ६ फूट व्यासाचं ग्रॅनाइटचं कडं आणि मधोमध ६ इंच माती. नाश्त्याची बशी मावेल एवढी. कड्यावर कोरलंय की ही माती आणि तिच्यावरची हवा कुठल्याच देशाची नाही, तिच्यावर कुणाचाही अंमल चालणार नाही.

मी पडलो बँकेतला कारकून. मनात आलं, सातबारा कुणाच्या नावावर?

शिल्प मार्क ब्रेस्ट व्हॅन केम्पेन यांचं, १९९१ चं. आठवण १९६४ च्या चळवळीची. आवारात राजकीय प्रचाराची टेबलं मांडायला बंदी झाली. टेबल मांडलेल्या एका तरुणाला पोलिसांनी गाडीत घातलं, तर पोरांनी ती गाडीच ३२ तास वेढून धरली. मारिओ सॅव्हिओ तिच्या टपावर चढून बोलला. पण आधी बूट काढून! आपल्या आईनं वाढवल्यासारखा मुलगा.

विद्यापीठानं हे शिल्प घेतलं, पण जाहीर करताना त्या चळवळीचं नाव काढायचं नाही, या अटीवर. वाण्यानं उधारी देऊन वही लपवावी तसं! पुढे १९९७ साली शेजारच्या पायऱ्यांना सॅव्हिओचं नाव मिळालं, ते निराळं.

शिल्प म्हणून मला ते आधी फसवं वाटलं. ६ इंच मोकळे, तर उरलेल्या पृथ्वीचं काय? मग लक्षात आलं, हा प्रश्न मला घोड्यावरच्या पुतळ्यानं कधी पाडला नव्हता. शिवाय याला हार घालता येत नाही, आणि पाडायचं म्हटलं तर पाडणार काय?

आमच्या शाखेत एका सहकाऱ्यावर खोटा ठपका आला होता. मला खरं ठाऊक होतं; साहेबांपुढे मी गप्प बसलो. त्याची बदली झाली. ते न बोललेलं वाक्य इथे तरी बोलावं म्हणून मी मातीवर पाऊल ठेवलं. नऊ नंबरचा बूट, निम्माच मावला.

"मोठ्यानं बोला," भाचा म्हणाला, "इथे मराठी कुणाला कळतंय?"

तरीसुद्धा तोंड उघडण्याआधी मी एकदा मागे वळून पाहिलं.