त्रुटिसंदेशातील अनुक्त पद

संगणकाचा त्रुटिसंदेश हेही एक वाक्यच असून त्याची चिकित्सा वाक्य म्हणूनच व्हावयास हवी. कशाचाही निर्देश न करणारा शून्य-संदर्भ टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल-डब्ल्यू या भाषेत योजिला. २००९ मध्ये त्यांनीच त्यास अब्ज डॉलरांची चूक म्हटले. जावा भाषेतील डेस्कटॉप-प्रणाली अशा संदर्भापाशी अडखळली, की पूर्वीचा संदेश दोषाचे नाव व बहुधा ओळीचा क्रमांक एवढेच सांगे. एका ओळीत तीन संदर्भ असल्यास त्यांतील शून्य कोणता, हे पद अनुक्त राही. २०२० मधील जावा-१४ ने ते उक्त करण्याची सोय केली. तथापि पडद्यावरील खिडकी सिद्ध होण्यापूर्वीच तिच्यातील बटण वापरले गेले काय, हे कारण वाचकानेच शोधावयाचे असते. शून्याची तपासणी घालून संदेश मूक करणे म्हणजे दोषनिवारण नव्हे.