पाचामुखी परमेश्वर, पण कधी?

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपण सभेत आणि वर्गात सहज वापरतो. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. पाणी किती तापमानाला उकळते हे पाच जणांचे मत घेऊन ठरत नाही, तापमापी लावून ठरते. मग संगणकाच्या भाषेत कोणता बदल करावा आणि कोणता करू नये हा उघडउघड तांत्रिक प्रश्न निवडणुकीत जिंकलेल्या पाच जणांवर का सोपवायचा? पायथॉन या भाषेच्या कारभाऱ्यांनी २०१९ पासून नेमके तेच केले आहे. त्यासाठी केलेली नियमपत्रिका छोटी आहे आणि कोणालाही वाचायला खुली आहे. तिचे गुणदोष येथे तपासायचे आहेत. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात हीच भाषा शिकवली जाते. तेव्हा तिचा कारभार कसा चालतो, हा विषय आपल्या वर्गाबाहेरचा नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गिडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९८९ च्या डिसेंबरात पायथॉनचे काम सुरू केले आणि १९९१ च्या फेब्रुवारीत ती सर्वांसाठी खुली केली. ‘ओपन सोर्स’ म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, बदलून पाहावा अशी आज्ञावली. पायथॉन या प्रकारातली. तरीही अधिकृत आवृत्तीत कोणता बदल घ्यायचा, याबाबतचा शेवटचा शब्द जवळजवळ तीन दशके एकट्या व्हॅन रॉसम यांचा होता. सहकारी त्यांना अर्ध्या थट्टेने ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’ म्हणत.

२०१८ साली एका लहानशा चिन्हावरून मोठा वाद झाला. विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यांच्यापुढे बरोबरचे चिन्ह, असे त्याचे रूप. एखाद्या राशीला नाव देणे आणि त्याच ओळीत ती राशी वापरणे, ही दोन कामे त्याने एकदम होतात. व्हॅन रॉसम यांनी हा प्रस्ताव मंजूर केला. पण वादाने ते इतके थकले, की १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी निर्णयाचा अधिकारच सोडला. वारस नेमला नाही. पुढे कसे चालायचे ते सहकाऱ्यांनीच ठरवावे, असे सांगितले.

हा वाद कशाचा होता ते नीट पाहिले पाहिजे. त्या चिन्हामुळे कोणतेही गणित चुकणार नव्हते. प्रश्न एवढाच होता, की त्यामुळे लिहिलेले वाचायला सोपे जाईल की अवघड? एकाच्या मते ओळी वाचतील, दुसऱ्याच्या मते नवशिका गोंधळेल. याला तापमापी नाही. सुरुवातीच्या शंकेचे उत्तर येथे मिळते. जे प्रयोगाने ठरते ते प्रयोगानेच ठरवावे. उरलेल्या बाबतीत कोणाच्या तरी विवेकावर विसंबावे लागते. निवडणूक तांत्रिक सत्य ठरवत नाही. कोणाच्या विवेकावर विसंबायचे, एवढेच ती ठरवते.

कारभाराच्या नव्या पद्धतीसाठी सात प्रस्ताव आले. एकात पुन्हा एकच नेता होता, एकात कोणीच मध्यवर्ती अधिकारी नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये मतदान होऊन पाच जणांच्या सुकाणू समितीचा प्रस्ताव निवडला गेला. पहिली निवडणूक जानेवारी-फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. ९६ मतदारांपैकी ६९ जणांनी मत दिले आणि बॅरी वॉर्सा, ब्रेट कॅनन, कॅरल विलिंग, निक कॉग्लन यांच्यासह स्वतः व्हॅन रॉसमही निवडून आले. भाषेची नवी मुख्य आवृत्ती निघाली की निवडणूक पुन्हा घ्यायची. दोन-तृतीयांश मतांनी अविश्वास ठराव आणता येतो. आणि अधिकार असले तरी ते शक्य तितके कमी वापरावेत, आधी सहमती शोधावी, असे समितीला बजावलेले आहे.

या नियमांतला सर्वांत विचारपूर्वक केलेला नियम असा: एका मालकाच्या नोकरीतले दोनाहून अधिक सदस्य समितीत असता कामा नयेत. पहिल्या पाचांत एकाच कंपनीचे तिघे आले, तर त्यांतला सर्वांत कमी मते मिळालेला बाद होतो आणि सहावा उमेदवार वर सरकतो. मुदतीच्या मध्येच कोणी नोकरी बदलली आणि मर्यादा मोडली, तर कोणाला तरी राजीनामा द्यावा लागतो. एका कंपनीच्या वर्चस्वाचा नुसता भास झाला तरी लोकांचा विश्वास उडेल, असे कारण नियमपत्रिका देते. कारण योग्य आहे, पण अपुरे आहे. याहून भक्कम कारण गणितात सापडते.

फ्रेंच गणिती कोंदोर्से याने १७८५ साली मतदानाचे गणित मांडले. त्याचा एक निष्कर्ष असा. दहा वर्षांनी मागे वळून पाहता योग्य ठरेल असा निर्णय घेण्याची प्रत्येक सदस्याची संभाव्यता ०.६ आहे असे धरू. पाचही जण स्वतंत्रपणे विचार करत असतील, तर त्यांच्या बहुमताचा निर्णय योग्य ठरण्याची संभाव्यता ०.६८३ होते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो इतपतच, पण एकट्या माणसापेक्षा बरा. आता पाचांपैकी दोघे नेहमी एकाच बाजूला मत देतात असे समजा. मग हाच आकडा ०.६४८ वर येतो. तीन स्वतंत्र सदस्यांची समितीही नेमकी इतकीच भरवशाची असते. आणि तिघे नेहमी एकत्र राहिले, तर आकडा थेट ०.६ होतो. उरलेल्या दोघांच्या मताला अर्थ उरत नाही आणि पाच जणांची समिती एका माणसाइतकी होते. दोनची मर्यादा कशासाठी, ते या तीन आकड्यांवरून कळते. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित द्विपद विस्ताराने फळ्यावर करता येईल.

अशा मर्यादेची गरज काल्पनिक नाही. एका वेळी एकच काम हाती घ्यायला लावणारे अंतर्गत कुलूप पायथॉनमधून काढावे, हा प्रस्ताव मेटा कंपनीतल्या एका अभियंत्याचा होता आणि तो पुरा करण्यासाठी मनुष्यबळ देण्याची तयारी कंपनीने दाखवली होती. २०२३ साली समितीने तो स्वीकारला, पण बदल टप्प्याटप्प्याने व्हावा आणि गरज पडल्यास मागे घेता यावा, या अटींवर. मोठ्या कंपनीचे बळ घ्यायचे पण निर्णय आपल्या हाती ठेवायचा, हे समितीत त्याच कंपनीचे बहुमत असते तर कोणाला पटले असते?

आता दोष. पहिला मोजणीचा. पहिल्या निवडणुकीत मतदार एकाहून अधिक उमेदवारांना मत देऊ शकत होता आणि ज्यांना सर्वाधिक मते ते पाच जण निवडून येत. समजा, १०० मतदार आहेत; ६० एका विचाराचे, ४० दुसऱ्या. दोन्ही गटांनी आपापल्या पाच जणांना मते दिली, तर पहिल्या गटाचे पाचही ६० मतांनी निवडून येतात. दुसऱ्या गटाला ४० मते असून एकही जागा नाही. मतांऐवजी गुण द्यायला लावले तरी प्रत्येक जागा त्याच बहुसंख्याकांच्या पसंतीची असेल, तर हा दोष टिकतो. राज्यसभेच्या निवडणुकीतली एकल संक्रमणीय मताची पद्धत याला उपाय आहे. तिच्यात पाच जागांसाठी १०० मतदारांत १७ मतांचा कोटा पडतो. म्हणजे ६० जणांना तीन आणि ४० जणांना दोन जागा. नोकरीच्या मालकाकडे बारकाईने पाहणाऱ्या नियमकर्त्यांनी विचारांच्या एकसुरीपणाकडे मात्र दुर्लक्ष केले. मालक पाच वेगळे असले तरी पाचही जण एकाच विचाराचे असतील, तर वरचे गणित पुन्हा ०.६ पाशीच येते.

दुसरा दोष मतदारांचा. मताचा अधिकार फक्त मुख्य विकासकांना आहे आणि नवा विकासक घ्यायचा तो आधीच्यांच्याच दोन-तृतीयांश मतांनी. म्हणजे मतदारच मतदार निवडतात. याची बाजूही समजून घेतली पाहिजे. जो आज्ञावली सांभाळतो त्यालाच चुकीच्या निर्णयाचे ओझे वाहावे लागते. शिवाय कोणालाही मतदार होता आले, तर पैसेवाली कंपनी आपली हजार माणसे रातोरात नोंदवू शकेल. पण त्याची किंमत मोजावी लागते. पहिल्या समितीतले चौघे उत्तर अमेरिकेत राहणारे होते आणि एक ऑस्ट्रेलियातला. ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशा मुलांना नवे चिन्ह कुठे अडवते, हे त्यांना ऐकूनच कळणार.

म्हणून माझा निष्कर्ष असा: ही नियमपत्रिका पैशाच्या दबावापासून समितीला चांगली वाचवते, सारख्या अनुभवाच्या मर्यादेपासून वाचवत नाही. मोजणीची पद्धत दुरुस्त करता येण्याजोगी आहे. नियमांतच बदलाची वाट ठेवली आहे. अनुभवाची उणीव मात्र मतपेटीतून भरणार नाही. त्यासाठी दुसरी वाट आहे. बदलाचा प्रत्येक प्रस्ताव निर्णयाआधी जाहीर होतो आणि त्यावर हरकत नोंदवायला मताधिकार लागत नाही. ‘माझ्या वर्गातली ४० पैकी इतकी मुले या ओळीवर अडली’ अशी साधी, मोजलेली नोंद एखाद्या शिक्षकाने तेथे मांडली, तर ती समितीतल्या पाचांपैकी कोणाकडेही नसलेली स्वतंत्र माहिती ठरेल. ती नोंद आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.