इको-निवास संहिता (२०१८) आणि नांदगाव परिसरातील धाब्याचे घर : एक चिकित्सा

प्रस्तावना

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको-निवास संहिते'चा पहिला भाग प्रकाशित केला. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा-संहिता त्याआधीच, २००७ मध्ये, आली होती. घराच्या भिंती, छत व खिडक्या यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा विचार मात्र या संहितेने प्रथमच देशपातळीवर केला. तिचे हे महत्त्व मान्य करूनच प्रस्तुत लेखात तिच्या मापनपद्धतीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी नांदगाव परिसरातील धाब्याचे घर हा निकष घेतला आहे.

संहितेचे स्वरूप

थंड प्रदेश वगळता अन्य हवामान-विभागांत, छत सोडून उरलेल्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा संहितेने प्रति चौरस मीटर १५ वॅट अशी ठरविली. छताची उष्णता-पारगम्यता, म्हणजेच यू-मूल्य, १.२ पेक्षा अधिक असू नये असा दंडक घातला. खिडक्यांवरील सावली व वायुवीजन यांनाही तिने स्थान दिले. आकडेमोड साधी असल्याने सामान्य अभियंत्यालाही ती वापरता येते, हा तिचा गुणच म्हटला पाहिजे.

धाब्याचे घर आणि यू-मूल्य

नांदगाव तालुका पर्जन्यछायेत येतो. खानदेश व मराठवाडा यांना लागून असलेल्या या पट्ट्यात उन्हाळी दुपार चाळीस अंशांपलीकडे जाते आणि रात्री हवा बरीच निवते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या वा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, ही धाब्याची रचना या हवामानातूनच सिद्ध झाली आहे.

मातीची उष्णतावाहकता ०.६ धरल्यास ३० सेंटिमीटर थराचे यू-मूल्य सुमारे १.४ येते, म्हणजे धाबे संहितेच्या कसोटीत अनुत्तीर्ण ठरते. उलट, पत्र्याखाली ३ सेंटिमीटर थर्माकोल लावल्यास हे मूल्य १ च्या आत येते आणि ते छत उत्तीर्ण होते. दिवसाच्या सरासरीत थर्माकोल खरोखरच सरस आहे. परंतु त्यातून येणारी उष्णता भर दुपारीच घरात उतरते. मातीच्या थरातून तीच लाट पार होण्यास गणिताने दहा-अकरा तास लागतात आणि तोवर तिचा जोरही बराच ओसरतो. १२ सेंटिमीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबमध्ये हा विलंब जेमतेम तीन तासांचा असतो. यू-मूल्य उष्णता किती येते ते सांगते, केव्हा येते ते सांगत नाही. छताच्या बाबतीत संहितेची मुख्य उणीव हीच आहे.

हा विलंब उपयोगी ठरतो तो राहणीमुळे. धाब्याची उष्णता खोलीत पोहोचते तेव्हा माणसे अंगणात वा धाब्यावर निजलेली असतात. बंद खोलीत रात्रभर राहणाऱ्यास तेच छत तापदायक होईल. घराचा उष्मा हा भिंती-छताइतकाच वहिवाटीचाही प्रश्न आहे. छताचा दंडक ठरविताना ही वहिवाट विचारात आलेली नाही.

प्रतिपक्ष

तथापि धाब्याचे गौरवीकरणही टाळले पाहिजे. दरवर्षीची डागडुजी, गळती आणि वाळवी हे त्याचे दोष आहेतच. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. उष्णता अडविणारे वजनच तेथे जीवघेणे ठरले. त्यानंतर स्लॅबकडे वा पत्र्याकडे वळलेल्या कुटुंबाला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल.

व्याप्तीचा प्रश्न

२०१८ ची संहिता किमान ५०० चौरस मीटर भूखंडावरील प्रकल्पांसाठी होती. तालुक्याच्या गावातील दोन-तीन खोल्यांचे घर या मर्यादेत क्वचितच बसते. वातानुकूलन यंत्र ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी छत हेच थंडाव्याचे मुख्य साधन असते. आणि नेमके तेच छत संहितेबाहेर राहिले.

निष्कर्ष

संहितेने उष्णतेच्या प्रमाणाबरोबर कालविलंबाचाही निकष स्वीकारावा, तसेच लहान घरांसाठी सुलभ मार्गदर्शिका द्यावी. स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप, उष्णतारोधक थर, सावलीचा मांडव आणि रात्री उघडता येणारे समोरासमोरचे झरोके हे उपाय जड माती डोक्यावर न घेताही शक्य आहेत. धाब्याकडून घ्यायची ती माती नव्हे, तर दुपारची उष्णता रात्रीवर ढकलण्याचे तत्त्व. ते मोजण्याची सोय नसेल, तर उत्तीर्ण ठरलेल्या छताखालीही नांदगावची दुपार असह्यच राहील.